फुंकर मारा, मग कापड घ्या!

थंडीच्या दिवसांत रात्री अंथरुणात शिरल्यावर पहिली पाच मिनिटं काय होतं, आठवा बरं! रजई गार लागते. आपण गुडघे पोटाशी घेतो, हात काखेत घालतो आणि 'हूऽ हूऽ' करत पडून राहतो. मग हळूहळू ऊब येऊ लागते. आणि सकाळी? आईनं तीन हाका मारल्या तरी त्या उबेतून बाहेर यावंसं वाटत नाही.

आता मला सांगा, ही ऊब येते कुठून? रजईत काही शेगडी ठेवलेली नसते.

हा प्रश्न मी आमच्या चौथीच्या वर्गात विचारला, तेव्हा निम्मा वर्ग ओरडला, "रजईतून!" एक मुलगी मात्र थोडा विचार करून म्हणाली, "बाई, ऊब आपल्याच अंगाची असते. रजई फक्त तिला पळू देत नाही."

शाब्बास! अगदी बरोबर. आपलं शरीर सतत उष्णता तयार करत असतं आणि ती बाहेरच्या थंड हवेत निघून जात असते. रजईतल्या कापसाच्या तंतूंमध्ये हवा अडकलेली असते. गंमत अशी, की एका जागी थांबलेली हवा उष्णतेला फार हळू पुढे जाऊ देते. म्हणजे रात्रभर आपण जी पांघरतो ती खरं तर हवाच! कापूस, लोकर, पिसं हे सगळे त्या हवेचे राखणदार.

हे सगळं मला पाठ होतं. डी.एड.ला असताना उष्णतेच्या वहनावर मी पाठसुद्धा घेतला होता. तरीही एकदा माझी अशी चूक झाली, की तिच्यापायी माझा धाकटा भाऊ बर्फात एक अख्खी रात्र कुडकुडत बसला. चूक पिसांची नव्हती. चूक कापडाची होती. आज तीच गोष्ट तुम्हांला सांगते.

मावशीची फाटकी रजई

भाऊ तेव्हा कॉलेजात होता. २०१७ सालच्या डिसेंबरात त्यानं उत्तराखंडातल्या केदारकांठा शिखरावर जायचं ठरवलं. उंची सुमारे ३,८०० मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त! डिसेंबरात तिथं बर्फ असतो. मुक्काम तंबूत आणि रात्री पारा शून्याच्या खाली. त्याला स्वतःची स्लीपिंग बॅग हवी होती. दुकानातल्या किमती ऐकल्या आणि आम्ही दोघं गप्पच बसलो.

त्याच सुमारास पुण्याच्या मावशीनं कपाट आवरायला काढलं. तिच्याकडे परदेशातून आलेली एक जुनी पिसांची रजई होती. खोळ जागोजागी विरलेली. ती टाकून देणार, इतक्यात मी म्हटलं, "मावशी, थांब! मला दे."

ही पिसं म्हणजे कोंबडीची लांब दांड्याची पिसं नव्हेत बरं का! बदकं आणि हंसासारखे पक्षी गार पाण्यात पोहतात. त्यांच्या छातीपोटावर, बाहेरच्या पिसांच्या खाली एक फार मऊ थर असतो. त्याला डाऊन म्हणतात. आपण त्याला लव म्हणू. लवेला मधला कडक दांडा नसतो. एका बिंदूपासून चहूबाजूंना नाजूक तंतू फुटलेले असतात. रुईच्या बोंडातून वाऱ्यावर उडणारी 'म्हातारी' तुम्ही पकडली आहे ना? साधारण तशीच, पण तिच्याहून मऊ आणि दाट. मुठीत दाबली तर एवढीशी होते, मूठ उघडली की पुन्हा फुलते. चांगली लव फक्त २८ ग्रॅम घेतली आणि मोकळी सोडली, तर जवळजवळ दहा लिटरची बादली भरते. ती सगळी जागा हवेची! म्हणून तर गिर्यारोहक तिच्यावर इतके खूश असतात. वजन कमी, ऊब भरपूर.

रजई उसवायला आम्ही मधल्या खोलीत बसलो. दारं-खिडक्या लावून घेतल्या. दोन-चार मुठी लव बाहेर काढली असेल नसेल, तेवढ्यात आजी आत आली. "अगं, किती हे कोंदट!" म्हणाली आणि तिनं पंखा लावला.

पुढचं काय सांगू! देव्हाऱ्यातल्या गणपतीपासून आजीच्या अंबाड्यापर्यंत सगळीकडे लव. भाऊ म्हणाला, "ताई, केदारकांठा घरीच आला की!" दोन दिवस आम्ही ओल्या फडक्यानं ती गोळा करत होतो.

मी गोधडी शिवली

आता पिशवी शिवायची होती. आमच्या घरात आजीच्या हातच्या गोधड्या आहेत. त्या मी लहानपणापासून बघत आले. तेव्हा मनात म्हटलं, यात काय कठीण आहे?

आतल्या बाजूला घेतलं आजीचं जुनं नऊवारी लुगडं. वापरून वापरून मऊ झालेलं. भावाला रात्री अंगाला छान लागेल, असा विचार. बाहेरच्या बाजूला घेतलं रेनकोटचं कापड, आतून रबरासारखा लेप असलेलं. बर्फाचं पाणी आत यायला नको ना! मध्ये लव पसरली आणि गोधडीला घालतो तशा आरपार टिपा मारून चौकटी पाडल्या. पिशवी छान दिसत होती. शेजारच्या काकू बघून गेल्या. मीही फुशारले.

पहिल्या रात्री तंबूत भावाला झोप लागली. सकाळी उठला तर सगळ्या अंगाला, केसांना, मोज्यांना लव चिकटलेली. बरोबरची मुलं हसली. दुसऱ्या रात्री पिशवी आतून दमट लागायला लागली. तिसऱ्या रात्री तर लवेच्या गुठळ्या झाल्या आणि मधल्या चौकटी नुसत्या कापडाच्या उरल्या. हा मध्यरात्री उठून बसला. वाटाड्यानं दोन घोंगड्या दिल्या, गरम पाण्याची बाटली पोटाशी धरायला दिली म्हणून निभावलं. पहाटे शिखराकडे निघायचं होतं. बाकीचे गेले. त्याच्या अंगात त्राण नव्हतं, तो तंबूतच राहिला.

घरी आल्यावर मला म्हणाला, "जाऊ दे ताई. पुढं कधीतरी जाईन." तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

मग आम्ही दोघांनी ती पिशवी उलगडून नीट पाहिली. एक नाही, तीन चुका होत्या.

पहिली चूक लुगड्याची. गोधडीत कापडाचे थर असतात, तिथं जुनं विरलेलं लुगडं उत्तम. पण लवेचा तंतू केसाहून बारीक. विरलेल्या विणीतून तो सहज वाट काढतो आणि एक तंतू निघाला की मागून सगळं पीस ओढलं जातं.

दुसरी चूक रेनकोटची. झोपेतही आपल्या अंगातून वाफ निघत असते. ती लुगड्यातून पार झाली, लवेत शिरली, पण बाहेर जायला वाट नाही! कारण लेपाचं कापड पाणी जसं आत येऊ देत नाही, तशी वाफही बाहेर जाऊ देत नाही. बाहेरचं कापड बर्फामुळे गार. त्याला लागून वाफेचं पाणी झालं, अगदी गार पेल्याच्या बाहेर थेंब धरतात ना, तसं. आणि ओली लव फुलत नाही, चिकटून बसते. फुलली नाही म्हणजे हवा नाही. हवा नाही म्हणजे ऊब नाही. पाऊस लागू नये म्हणून मी ते कापड घेतलं आणि पिशवी आतूनच भिजली!

तिसरी चूक आरपार टिपांची. जिथं टीप पडते तिथं वरचं कापड खालच्या कापडाला चिकटतं. मध्ये लवेला जागाच नाही. म्हणजे प्रत्येक टीप ही थंडीला आत यायची एक रेघ.

हिरव्या कोटाचे फिंच

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गिर्यारोहणावरची पुस्तकं वाचायला घेतली. त्यात मला जॉर्ज फिंच भेटले.

फिंच यांचा जन्म १८८८ सालचा, ऑस्ट्रेलियातला. ते रसायनशास्त्रज्ञ होते आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजात शिकवत. १९२२ साली एव्हरेस्टवर जी ब्रिटिश मोहीम गेली, तिच्यात त्यांची निवड झाली. त्या काळी गिर्यारोहक काय घालत माहीत आहे? लोकरीचे स्वेटर, गळपट्टे आणि ट्वीडचे कोट! फिंच यांनी मात्र वेगळाच विचार केला. त्यांनी आपल्यासाठी एक लांब, हिरवा कोट बनवून घेतला. आत आयडर बदकाची लव. आणि बाहेरून कापड कसलं, ओळखा पाहू? आकाशात उडवायच्या मोठ्या फुग्याचं, म्हणजे बलूनचं!

किती साधी युक्ती! बलूनच्या कापडाचं कामच मुळी हवा धरून ठेवायचं. घट्ट विणीचं, वारा न शिरणारं आणि वजनाला हलकं. नायलॉनचा शोध लागायला तेव्हा अजून तेरा वर्षं होती. जे उपलब्ध होतं, त्यातलं कामाला योग्य असं कापड फिंच यांनी शोधलं.

आयडर बदकाचीही एक गंमत सांगते. हे उत्तरेकडच्या थंड समुद्रांवरचं बदक. मादी स्वतःच्या छातीची लव काढून घरट्यात अंथरते, त्यात अंडी ठेवते. आइसलँडमध्ये लोक या बदकांची राखण करतात आणि घरट्यातली लव गोळा करतात. पक्ष्याला इजा नाही. सगळी लव मात्र अशी मिळत नाही. बाजारातली बहुतेक लव मांसासाठी पाळलेल्या बदकांची आणि हंसांची असते आणि काही ठिकाणी जिवंत पक्ष्यांची पिसं उपटण्याचे क्रूर प्रकारही झाले आहेत. म्हणून जुन्या रजईतली लव पुन्हा वापरणं मला सगळ्यांत बरं वाटतं.

तर फिंच यांच्या कोटाला पाहून मोहिमेतली मंडळी आधी हसली. पुढे वर गेल्यावर, बोचऱ्या वाऱ्यात, त्याच मंडळींना त्या कोटाचा हेवा वाटू लागला. मे महिन्याच्या अखेरीस फिंच, जेफ्री ब्रूस आणि तेजबीर नावाचा गुरखा सैनिक यांनी सुमारे ७,७७० मीटर उंचीवर तंबू ठोकला. वादळात दोन रात्री काढल्या. मग २७ मे १९२२ रोजी फिंच आणि ब्रूस प्राणवायूच्या मदतीनं सुमारे ८,३२० मीटरपर्यंत पोहोचले. तोवर इतक्या उंचीवर कुणीच चढलेलं नव्हतं.

आता सगळ्यांत मोठी गंमत ऐका. हेच फिंच पुढे कुठं आले असतील? आपल्या पुण्यात! पाषाणच्या रस्त्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे ना, एनसीएल, तिचे ते १९५२ ते १९५७ या काळात संचालक होते. म्हणजे २९ मे १९५३ रोजी तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले, तेव्हा फिंच एनसीएलचे प्रमुख होते. लवेचे कपडे एव्हाना गिर्यारोहकांच्या अंगावर रुळले होते. आता कुणी हसत नव्हतं.

हे वाचलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लव तर मावशीनं फुकट दिली होती. खरं शोधायचं होतं ते बलूनचं कापड! म्हणजे बलूनचं नव्हे, पण त्या गुणाचं.

पाच परीक्षा

मी निफाड तालुक्यातल्या शाळेत शिकवते. एका शनिवारी नाशिकच्या मेनरोडला गेले.

"काय दाखवू ताई?" दुकानदारकाकांनी विचारलं.

"काका, ज्यातून पिसं बाहेर येणार नाहीत असं कापड."

"पिसं? कुणाची?"

दुकानातली पोरं फिस्सकन हसली. पण मला फिंच यांची आठवण होती. मी सात-आठ प्रकारांचे पाव-पाव मीटर तुकडे घेतले. मलमल, पॉपलीन, मांजरपाट, तफेट्याचं अस्तर, छत्रीचं कापड, रेनकोटचं कापड आणि दोन प्रकारचं पातळ नायलॉन. सोमवारी ते वर्गात नेले आणि म्हटलं, "चला, आज यांची परीक्षा घ्यायची आहे. आपण परीक्षक!"

पहिली परीक्षा फुंकरीची. धुतलेला तुकडा ओठांवर घट्ट धरायचा आणि जोरात फुंकर मारायची. पलीकडे हाताला वारा लागतो का बघायचा. मलमलीतून भसाभसा वारा आला. मांजरपाट जाड दिसतं, पण त्यातूनही आला. जाड म्हणजे घट्ट नव्हे, हे मुलांना इथंच कळलं. पॉपलीनमधून त्याहून कमी. छत्रीच्या आणि रेनकोटच्या कापडातून मुळीच नाही. एका नायलॉनमधून मात्र गाल फुगवून जोर लावला तेव्हा कुठं थोडासा वारा आला. आपल्याला हवं ते हेच! सहज वारा जातो त्यातून लवही जाणार. मुळीच जात नाही त्याच्यावर बहुधा लेप असणार. मधलं ते आपलं.

दुसरी परीक्षा वाफेची. ही मी स्वतः केली, मुलं लांब उभी राहिली. पेल्यात गरम पाणी घ्यायचं, तोंडावर कापड ताणून बांधायचं आणि वर गार आरसा धरायचा. आरसा धुरकट झाला तर वाफ पार होते. नायलॉनच्या त्या तुकड्यावरचा आरसा लगेच धुरकटला. रेनकोटवरचा स्वच्छ राहिला. माझी २०१७ सालची चूक आरशात दिसली म्हणा ना!

तिसरी परीक्षा थेंबाची. कापडावर पाण्याचा एक थेंब सोडायचा. पॉपलीननं तो लगेच पिऊन टाकला. नायलॉनवर तो अळूच्या पानावरच्या थेंबासारखा डुलत राहिला. अशा कापडावर पाणी न धरणारी एक प्रक्रिया केलेली असते. लेप नव्हे, म्हणून वाफेची वाट मोकळी राहते. धुण्यानं आणि वापरानं ती हळूहळू कमी होते आणि मुसळधार पावसात ती पुरी पडत नाही, हेही लक्षात ठेवा. पण तंबूच्या छतावरून टपकणाऱ्या चार थेंबांना ती पुरते.

चौथी परीक्षा वजनाची, म्हणजेच गणिताची! प्रत्येक कापडाचा १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरचा तुकडा कापला आणि गावातल्या सोनारकाकांच्या काट्यावर तोलला. एका चौरस मीटरमध्ये असे किती तुकडे बसतील? शंभर! पॉपलीनचा तुकडा भरला १.१ ग्रॅम, म्हणजे चौरस मीटरला ११० ग्रॅम. नायलॉनचा ०.४५, म्हणजे ४५ ग्रॅम. आत-बाहेर मिळून पिशवीला साधारण ६ चौरस मीटर कापड लागतं. पॉपलीनची पिशवी ६६० ग्रॅम आणि नायलॉनची २७०. जवळजवळ चारशे ग्रॅमचा फरक! पाठीवर घेऊन डोंगर चढणाऱ्याला विचारा चारशे ग्रॅमची किंमत. शिवाय जड कापड वरून दाबतं, त्यामुळे लव नीट फुलत नाही, हा वेगळा तोटा.

पाचवी परीक्षा सगळ्यांत महत्त्वाची. पुडीची. तळहाताएवढी पिशवी शिवायची, तिच्यात चिमूटभर लव भरायची आणि रोज चुरगाळायची. वर्गात पाच पुड्या केल्या. आठवडाभर ज्याच्या हाताला लागेल त्यानं त्या दाबल्या, आपटल्या, चेंडू म्हणून फेकल्यासुद्धा. शनिवारी पाहिलं, तर मलमलीची पुडी केसाळ झालेली. अस्तराच्या पुडीला इथं-तिथं मिशा फुटलेल्या. त्या नायलॉनची पुडी मात्र जशीच्या तशी! फक्त शिवणीपाशी दोन तंतू डोकावत होते.

आता हे नायलॉन असं का वागलं? दुकानात त्याला 'पॅराशूटचं कापड' म्हणत होते. दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटसाठी रेशमाऐवजी नायलॉन वापरात आलं, तेव्हा हे नाव उगाच नाही. त्याचे धागे फार बारीक असतात. धाग्याची जाडी 'डेनिअर'मध्ये मोजतात. ९ किलोमीटर लांब धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनिअर. २० डेनिअरचा धागा ९ किलोमीटर घेतला तरी भरेल फक्त २० ग्रॅम! असे बारीक धागे दाट विणले की भोकं लहान राहतात. मग हे कापड तापलेल्या जड रुळांमधून दाबून काढतात. उसाच्या चरकासारखं समजा, पण इस्त्रीसारखं गरम. त्यानं धागे चपटे होतात, उरलीसुरली भोकं बुजतात आणि कापडाला एका बाजूनं चकाकी येते. नीट पाहिलं तर त्यावर बारीक चौकडीही दिसते. ठरावीक अंतरावर जाड धागा घातलेला असतो. कापड कुठं फाटलंच तर फाटण त्या जाड धाग्यापाशी अडतं.

बाई आधी स्वतः झोपल्या

कापड ठरलं. आतूनही तेच, बाहेरूनही तेच.

पण शिवणीपाशी डोकावणारे ते दोन तंतू मी विसरले नव्हते. सुई जाड असली तर प्रत्येक टाक्याला लवेसाठी एक दार उघडतं. म्हणून मशीनला ९ नंबरची बारीक सुई लावली, दोरा पातळ पण मजबूत पॉलिएस्टरचा घेतला. टाचण्या वापरल्या नाहीत, कारण टाचणीचं भोक नायलॉनवर तसंच राहतं. त्याऐवजी कपडे वाळत घालायचे चिमटे लावले!

आरपार टिपा या वेळी नाहीत. आतलं आणि बाहेरचं कापड यांच्यामध्ये दोन-दोन इंच उंचीच्या पट्ट्या उभ्या शिवल्या, भिंतींसारख्या. म्हणजे कप्पे झाले आणि लवेला फुलायला सगळीकडे दोन इंच जागा. भिंतींना कापड कसलं? मच्छरदाणीची जाळी! ती हलकी असते आणि तिला तोलायचं काम थोडंच असतं, एका कप्प्यातली लव दुसऱ्यात घसरू द्यायची नाही इतकंच.

आतली पिशवी बाहेरच्या पिशवीपेक्षा थोडी लहान बेतली. मोठ्या वाटीत छोटी वाटी ठेवली की मध्ये जागा राहते ना, तसंच. दोन्ही एकाच मापाच्या केल्या, तर झोपेत गुडघा दुमडला की आतलं कापड बाहेरच्या कापडाला भिडतं आणि लव चेपते.

जुन्या पिशवीतली लव साबणाच्या पाण्यात हलक्या हातानं धुऊन, जाळीच्या पिशवीत घालून, उन्हात रोज हलवत आठवडाभर पूर्ण वाळवली होती. ती भरायला बाथरूममध्ये दार लावून बसले. आजी बाहेरून म्हणाली, "आता पंख्याला हात लावणार नाही हो!"

पण या वेळी मी आणखी एक गोष्ट केली. गेल्या वेळी माझी खरी चूक कोणती, माहीत आहे? लुगडं नाही, रेनकोट नाही. मी शिवलेल्या पिशवीत मी स्वतः एक रात्रही झोपले नव्हते! न तपासलेली वस्तू मी भावाच्या हातात देऊन त्याला बर्फात धाडलं होतं.

आमच्या निफाडची थंडी दरवर्षी वर्तमानपत्रात येते. पारा उतरला की शेतकरी द्राक्षं वाचवायला बागांमध्ये शेकोट्या पेटवतात. तशाच एका रात्री मी गच्चीवर सतरंजी टाकली, पिशवीत शिरले आणि झोपले. आई दोनदा वर येऊन बघून गेली. पहाटे उठले तेव्हा पिशवीवर दव होतं आणि आत मी कोरडी, उबदार. अंगावर लव? शोधून एकच तंतू सापडला. दुसऱ्या दिवशी तीच पिशवी घेऊन भाऊ गच्चीवर झोपला. तो तर आठ वाजेपर्यंत उठेचना!

निफाडची थंडी म्हणजे हिमालयाची नव्हे, हे आम्हांला माहीत होतं. म्हणून २०१९ सालच्या डिसेंबरात तो पुन्हा केदारकांठ्याला निघाला, तेव्हा एक घोंगडी जादाची दिली आणि पिशवी पावसापासून जपायला जाड प्लॅस्टिकची थैलीही दिली.

सहाव्या दिवशी पायथ्याच्या सांकरी गावातून फोन आला. रेंज येत-जात होती. मला एवढंच ऐकू आलं, "ताई, झोप लागली. वरपर्यंत जाऊन आलो."

सोमवारी वर्गात मी हे सांगितलं, तर रजईचं बरोबर उत्तर देणारी ती मुलगी आठवली. ती आता पाचवीत होती. मधल्या सुट्टीत मुद्दाम तिला बोलावून सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "बाई, म्हणजे आमची पुडी पास झाली!"

करून पाहा

तुम्हांला लगेच स्लीपिंग बॅग शिवायची नसेल, पण परीक्षा घ्यायला काय हरकत आहे? घरातल्या जुन्या कपड्यांचे पाच तुकडे घ्या. आईला विचारून हं! प्रत्येकावर फुंकर मारा, थेंब सोडा, १० सेंटिमीटरचा तुकडा तोलून चौरस मीटरचं वजन काढा. लव नसेल तर सावरीचा कापूस चालेल. त्याच्या पुड्या शिवा आणि आठवडाभर चुरगाळा. वाफेचा प्रयोग मात्र मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच करा. निकाल वहीत तक्ता करून लिहा.

मग सांगा, तुमच्या घरातलं कोणतं कापड पास झालं? आणि दिसायला सगळ्यांत छान होतं, ते पास झालं का?